रिकाम्या गाडीचं वजन

मी माझा खांदेश्वरचा फ्लॅट एका दुधीभोपळ्याच्या सांगण्यावरून विकला.

दुधी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. बोलला होता भोईर. पण तो माझ्याशी बोलत नव्हता, फ्लॅटविषयी बोलत नव्हता आणि मी तिथे उभा आहे हेही त्याला माहीत नव्हतं. एवढ्या तीन बारीकसारीक गोष्टी सोडल्या तर सल्ला अगदी स्वच्छ होता.

आमची कंपनी तळोज्याला. गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला वजनकाटा आणि काट्याला लागून पत्र्याची केबिन. त्या केबिनमध्ये भोईर एकतीस वर्षं बसला. माल घेऊन ट्रक आला की आधी भरलेला तोलायचा, माल उतरवून परत निघाला की रिकामा तोलायचा. दोहोंतला फरक म्हणजे आपला माल. काम एवढंच. पण ते भोईर अशा थाटात करायचा, की जणू त्या फरकावर पृथ्वी तोलून धरलीय. रुंद पंजे, पांढऱ्या झुपकेदार मिशा, शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा बोटभर तुकडा. कॉम्प्युटर आल्यावरसुद्धा तो तुकडा खिशातून गेला नाही. "लाईट जाते, साहेब. पेन्सिल कवा गेलेली बगितलीय?"

आमची पहिली भेट भांडणाने झाली. मी पर्चेस खात्यात नवा होतो आणि नव्या माणसाला असते तेवढी घाई मला होती. कॉस्टिक सोड्याचा एक टँकर खोळंबला होता. ड्रायव्हर ओरडत होता, मी भोईरवर ओरडत होतो. मी म्हटलं, "अहो, रिकाम्या गाडीचं वजन तिच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तेच घाला आणि सोडा."

भोईरने मान वर केली नाही. "पुस्तकातला वजन पुस्तकाचा. गाडीचा गाडीला इचारा."

गाडी काट्यावर आली. भोईरने आकडा पाहिला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "भरलेली आली तवा केबिनमदी तीन डोकी होती. आता एकच. दोन डोकी काय आमच्या टाकीत ओतलीस?" गेटमागे विडी ओढत बसलेले दोन क्लीनर मान खाली घालून आले, चढले, आणि गाडी पुन्हा तोलली गेली. दोन माणसांच्या वजनाएवढ्या, न आलेल्या कॉस्टिकचे पैसे आम्ही भरणार होतो. मी आभार मानायच्या ऐवजी म्हणालो, "ठीक आहे, ठीक आहे." तेव्हापासून मला तो माणूस डाचायला लागला.

पण खरा डाच वेगळाच होता. तो झोपायचा.

एक वाजता तो डबा उघडायचा. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी वालाचं बिरडं. एक वाजून दहा मिनिटांनी केबिनबाहेरच्या बाकाशी जायचा, चपला काढून देवळाच्या दारात ठेवाव्यात तशा जोडीने ठेवायचा, भिंतीला पाठ टेकायचा आणि झोपायचा. डुलकी नव्हे, झोप. शेजारून टँकर जायचे, हॉर्न वाजायचे. भोईरच्या मिशा संथ हलत राहायच्या. दीड वाजता कुणी न उठवता उठायचा आणि चपलांत पाय घालायचा. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून हे रोज बघायचो. एसीत बसून, दात खात.

कारण मला झोप नव्हती. आमच्या कंपनीत पेन्शन नाही. प्रॉव्हिडंट फंड मिळणार, टाळ्या मिळणार आणि एक भिंतीवरचं घड्याळ. पुढे काय, या प्रश्नाने मला चाळिशीतच धरलं होतं. त्यामुळे मी गुंतवत सुटलो. मेव्हण्याच्या विमा पॉलिसी घेतल्या, फंड घेतले, एका योजनेत सागाची बारा झाडं घेतली, ती कुठल्या जिल्ह्यात उभी आहेत ते आजवर मला कळलेलं नाही. सकाळी दात घासता घासता मी मोबाइलवर बाजार बघायचो. बाजार पडला की ब्रश तसाच तोंडात राहायचा. बायको, शैला, बाहेरून म्हणायची, "अहो, थुंका तरी. बाजार उठेल तेव्हा उठेल."

या सगळ्यात एकच शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून झाली होती. राहतं घर नवीन पनवेलला होतंच. शैलाच्या हट्टापायी तिचे दागिने आणि माझा बोनस घालून आम्ही खांदेश्वरला एक बेडरूमचा दुसरा फ्लॅट घेतला होता. त्याचं भाडं हीच आमची पेन्शन, असं ती म्हणायची. म्हातारपणी माझा पगार बंद झाला की त्या भाड्यावर चूल पेटायची होती. सागाची बारा झाडं आणि हा फ्लॅट यांतलं खरं काय आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

भोईरच्या झोपेचं कारण काय, यावर आमच्या कँटीनमध्ये मतं ठाम होती. तो नावड्याचा, मूळ गाववाला. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा पैसा मिळालाच असणार. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट असणार. त्यावर टॉवर असणार. "वजनकाट्यावर येतो तो टाइमपास म्हणून," आमचे अकाउंट्सवाले सांगायचे. भोईरला विचारलं की तो अगदी मोकळेपणाने सांगायचा.

"जमिनीचा पैसा आला तवा मी लहान व्हतो, साहेब. बापाने बहिनींची लग्ना लावली. सात गावांना जेवन. घराला मार्बल बसवला, त्याच्यावरून आजी घसरून पडली. उरला त्याची गाडी घेतली. गाडी गेली झाडावर. प्लॉट सगल्या भावांचा. माझे वाट्याला दोन खोल्या आल्या. एकीत आमी, एकीत भाडोत्री."

आम्ही मान डोलवायचो आणि तो गेला की म्हणायचो, काय पक्का माणूस आहे बघा. पत्ता लागू देत नाही.

आता तो दिवस. श्रावण होता. मी एका पावतीसाठी काट्यावर गेलो तर भोईर केबिनच्या मागे, माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. मी खोकायला हवं होतं. मी श्वाससुद्धा रोखला.

"सानपाड्याचे तीनी चढलेत ना? मंग काढायचे नाय. लोक सांगतील काढ, काढ. हात लावायचा नाय. गनपतीपर्यंत थांब, डबल व्हतील." मग थोडं ऐकून तो म्हणाला, "खांदेश्वरचा बसला. त्याच्यात आता जीव नाय. मोह धरू नको, काढून टाक. सानपाड्यालाच नवीन लाव, जागा लय चांगली हाय." आणि शेवटी आवाज खाली घेऊन, "कोनाला दाखवू नको पन. नजर लागते."

मी पावती न घेताच परत आलो. सानपाड्याला तीन! आणि खांदेश्वर बसलं. माझं खांदेश्वर! ही माहिती गाववाल्यांना आधी लागते, प्लॅन पास होण्याच्या आधी लागते, हे कँटीनमध्ये कितीदा बोललं गेलं होतं. तो झोपतो तो यामुळे. मला राग आला, हेवा वाटला आणि त्याहून जास्त आनंद झाला, की आता त्याची किल्ली माझ्या खिशात आहे.

घरी शैलाला सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता ऐकलं.

"त्यांना नीट विचारलंत का?"

"असं कुणी विचारतं का? विचारलं की सावध होईल."

"तुमचे मित्र आहेत ना ते?"

"मित्र कसला! इतकी वर्षं आमच्यासमोर गरीब म्हणून बसलाय."

"अहो, एक फोन करून विचारा. तो फ्लॅट माझ्या बांगड्यांचा आहे."

मी विचारलं नाही. आज सरळ लिहून टाकतो, विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं, की पर्चेस मॅनेजर निकम यांना जे कळत नाही ते काट्यावरच्या भोईरला कळतं. ते माझ्या जिभेवर येईना. त्यापेक्षा फ्लॅट विकणं सोपं गेलं.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. इतकं लगेच मिळालं, की दुसऱ्या कुणाला संशय आला असता. गणपतीच्या आदल्या दिवशी खरेदीखत झालं आणि ते पैसे मी सानपाड्याच्या एका होऊ घातलेल्या इमारतीत, तळमजल्यावरच्या गाळ्यासाठी, एका बिल्डरच्या हातात दिले. बिल्डरने पेढा दिला. जागेवर तेव्हा फक्त पत्र्याचं कुंपण होतं. "चढणार," मी शैलाला म्हटलं. गौरी जेवल्या त्या दिवशी तिने हातात प्लास्टिकच्या बांगड्या घातल्या होत्या, आणि त्या का घातल्या आहेत हे कुणालाही सांगितलं नाही. ते मला जास्त लागलं.

गौरी-गणपती गेले. सोमवारी कामावर आलो तर भोईरने खिडकीतून हाक मारली. "निकमसाहेब, या या. वहिनींना न्या." टेबलावर हातभर लांबीचे तीन दुधी, वर्तमानपत्रावर ओळीने निजवलेले. कोवळे, लुसलुशीत, लव असलेले.

"मोठ्या पोरीकडचे," तो म्हणाला. "सानपाड्याचे. तिच्या चालीला मागे वावभर जागा हाय. तीन वेल लावलेत, तीनी गच्चीवर चढलेत."

मी खुर्ची शोधली. केबिनमध्ये एकच होती, तीवर तो बसला होता. मी वर्तमानपत्राच्या कडेला टेबलावर टेकलो.

"आणि खांदेश्वरचा?" मी विचारलं.

"धाकटीकडचा? त्यो बसला. बालदीत लावलेला, ग्रिलला. तवा ती मोठीकडेच आलेली, फोनवर सांगला काढून टाक." मग तो थांबला. "तुमाला कोनी सांगला खांदेश्वरचा?"

मी सगळं सांगितलं. ट्रक खोळंबले, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले. भोईरने हात बाहेर काढून त्यांना थांबवलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. मी त्याच्या हसण्याची वाट बघत होतो. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान चिडता आलं असतं. तो हसला नाही. त्याने एक दुधी उचलला, उगाच फिरवून पाहिला, ठेवला.

"मना इचारला का नाय, साहेब?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

मग तो म्हणाला, "जरा काट्यावर उभे ऱ्हावा." मला वाटलं, चेष्टा. पण त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मी टाय घालून, हातात ब्रीफकेस घेऊन, ट्रकच्या त्या लोखंडी पाटावर मधोमध उभा राहिलो. वॉचमन बघत होता. आत आकडा लागला.

"ऐंशी," भोईर ओरडला. "ब्याग ठेवा खाली, बाहेर."

ठेवली. आकडा ऐंशीच राहिला. चाळीस टनांच्या काट्याला माझी ब्रीफकेस दिसतसुद्धा नव्हती.

"ह्यो तुमचा रिकामा. आता सांगा, तुमचे घराचा रिकामा किती?"

"म्हणजे?"

"महिन्याला काय लागताच लागता? हौस नाय, पावना नाय, सन नाय. नुसती गाडी चालाया."

मी एक आकडा सांगितला. कुठल्यातरी पुरवणीतल्या लेखात वाचलेला, रुबाबदार.

"ह्यो पुस्तकातला," भोईर म्हणाला. "तुमी जनमभर भरलेला वजनच बगत बसलाव. रिकामा कदी तोललाच नाय. मंग माल किती हाय ते कसा कलनार?"

तेव्हाच त्याने मला ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी मी इतकी वर्षं त्याच्यावर पाळत ठेवली होती. श्रावणात त्यांच्याकडे मासे बंद. मासे बंद म्हणजे घरातला मोठा खर्च बंद. लग्न झालं त्या वर्षीपासून तो आणि त्याची बायको तो पूर्ण महिना फक्त लागतंच लागतं तेवढ्यावर काढायचे आणि महिना संपला की बघायचे, यंदा गाडी रिकामी किती भरली. त्या आकड्यावरचा पैसा पोस्टात आणि फंडात. वर्षानुवर्षं, हात न लावता. झालं. टॉवर नव्हता, स्वतःचा प्लॉट नव्हता. माझ्या जन्माच्या हेव्याचं गुपित पोस्टात पडून होतं, आणि तिथे मी पत्र टाकायलासुद्धा कधी गेलो नव्हतो.

दीड वर्ष गेलं. सानपाड्याच्या पत्र्याच्या कुंपणामागे एक खड्डा झाला, खड्ड्यात पाणी साचलं, पाण्यात बेडूक झाले. इमारत काही झाली नाही. तिकडे विमानतळ होणार, होणार म्हणता म्हणता खरंच होऊ लागला आणि खांदेश्वरचे भाव असे चढले, की मी त्या स्टेशनवरून जाताना डोळे मिटून घ्यायचो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. बिल्डरच्या ऑफिसात मी आठवड्याला एक खेप घालायचो. भांडायचो, वकिलाची धमकी द्यायचो, पाण्याचा ग्लास मिळायचा. शैलाने भाड्याचा विषय काढणं बंद केलं होतं. ती विषय काढायची तेव्हा बरं होतं.

एक दिवस भोईरने विचारलं, "त्याचे हापिसात एसी हाय?"

"आहे. का?"

"माजी पहिली पाली असते या महिन्यात. तिनाला मी मोकला."

दुसऱ्या दिवशीपासून भोईर रोज दुपारी सानपाड्याला जाऊ लागला. बिल्डरच्या ऑफिसात शिरायचा, रिसेप्शनवरच्या मुलीला सांगायचा, "निकमसाहेबांचे पैशांसाठी बसलोय. तुमचा चालू द्या." मग नव्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या गुबगुबीत सोफ्यासमोर चपला जोडीने काढायचा, पाठ टेकायचा आणि झोपायचा. घोरायचासुद्धा. एसीत तो घोरतो हा शोध आम्हाला तेव्हाच लागला. बुकिंगला आलेली जोडपी कुजबुजत विचारायची, हे कोण? मुलीला सांगावं लागायचं, पैसे परत मागायला आलेत. जोडपी चहा न घेता जायची. सव्वापाचला भोईर उठायचा, "उद्या येतंय," म्हणायचा आणि मोठ्या पोरीकडे चहाला जायचा.

बिल्डरने आधी त्याला हसून घेतलं, मग वॉचमन बोलावला. वॉचमनने बघितलं, म्हातारा झोपलाय, शिवी देत नाही, काय करणार? तिसऱ्या आठवड्यात बिल्डरचा मला फोन आला. "निकमसाहेब, तुमच्या त्या माणसाला उचला. मुद्दल देतो. व्याज मागू नका." तीन चेक मिळाले, तिन्ही वटले.

मी कृतज्ञ होतो. अर्थातच होतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पुन्हा जळलो. मी दीड वर्ष जागून जे मिळवू शकलो नाही, ते हा माणूस झोपून घेऊन आला होता.

त्याला मी घरी चहाला बोलावलं. इथे मला एक गोष्ट आधीच करायला हवी होती, ती राहून गेली. दुधीचं प्रकरण मी शैलाला सांगितलेलं नव्हतं. तिच्या समजुतीप्रमाणे भोईर हे सानपाड्याचे मोठे मालक होते, आणि माझा गाळा फसला तो माझ्या नशिबाने. तिने पोहे पुढे ठेवले आणि अदबीने विचारलं, "भोईरदादा, तुमच्या सानपाड्याच्या तिघांचं काय झालं हो? चढलेत ना अजून?"

भोईर खूश झाला. "लय चढले, वहिनी. दोन दुधी खाल्ले. चार वाटले. एक बियांसाठी ठेवलाय, सुकतोय."

शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. भोईरने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पोह्यांत लिंबू पिळायला घेतलं. तो बराच वेळ पिळत राहिला. तो गेल्यावर शैला भांडेल असं मला वाटलं. ती भांडली नाही. त्या आठवड्यापासून आमच्याकडे दर मंगळवारी दुधी शिजायला लागला. भाजी, कोफ्ते, थालीपीठ, एकदा तर हलवा. ती वाढताना एक शब्द बोलत नसे. आजही बोलत नाही.

आम्ही एकाच महिन्यात निवृत्त झालो, मी आणि भोईर. समारंभात मी तेवीस मिनिटं बोललो. भोईरला माइक दिला तेव्हा तो म्हणाला, "काटा बरोबर हाय. नवीन मानसाला सांगा, गाडीत डोकी मोजायची," आणि खाली बसला. टाळ्या त्याला जास्त मिळाल्या. घड्याळ दोघांना सारखंच मिळालं, तेवढं एक बरं.

पहिल्या श्रावणात शैलानेच विषय काढला. "त्यांच्यासारखा एक महिना काढून बघू या. तुमचा तो पुस्तकातला आकडा नको." आम्ही काढला. लागतंच लागतं तेवढंच. मी दोनदा चोरून बाहेर वडापाव खाल्ला आणि दोन्ही वेळा पकडला गेलो. महिना संपला तेव्हा शैलाने आकडा सांगितला. मी तिला पुन्हा बेरीज करायला लावली. चाळिशीपासून मी ज्या राक्षसाला घाबरत होतो तो माझ्या समजुतीच्या निम्मासुद्धा नव्हता. फंड, परत आलेलं मुद्दल, मेव्हण्याच्या पॉलिसी, सगळं मिळून गाडी चालणार होती. ऐटीत नाही, पण चालणार होती. खांदेश्वरचं भाडं असतं तर ऐटीतही चालली असती. शैला हे बोलली नाही. तो मंगळवार होता, त्यामुळे बोलायची गरज नव्हती.

त्या दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी सोफ्यावर पाठ टेकली आणि थेट साडेतीनला उठलो. उठल्या उठल्या भोईरला फोन लावला. लहान मुलाने पहिला नंबर आल्याचं सांगावं तसं सांगितलं, "भोईर, झोपलो!"

"किती येल?"

"दोन तास वीस मिनिटं!"

"लय झाला," तो म्हणाला. "वीस मिंटा पुरे."

बघा. म्हणजे त्यातही मी जास्तच घेतलं होतं.

मग मी त्याला त्याचा श्रावणाचा आकडा विचारला. या वेळी सरळ विचारला, आडून ऐकला नाही. त्याने लगेच सांगितला. तो माझ्या आकड्याहून कमी होता. फोन ठेवल्यावर मी आमची बेरीज पुन्हा करून पाहिली. काही सवयी निवृत्त होत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात भोईर गेला. नावड्याच्या घराच्या पडवीत बाक होता. जेवण झालं, चपला काढून जोडीने ठेवल्या, पाठ टेकली. दीड वाजता उठला नाही. त्याच्या बायकोला, वहिनींना, वाटलं, आता काम नाही, झोपू दे. चारला चहा घेऊन गेल्या तेव्हा कळलं. हे ऐकून मी आधी रडलो आणि मग मनात म्हणालो, हेसुद्धा यालाच जमलं. हा विचार करणारा माणूस चांगला नव्हे, ते मला कळतं. पण आला तो विचार लिहिला.

तेराव्यानंतर मी आणि शैला नावड्याला गेलो. पडवीतला बाक रिकामा होता. त्यावर कुणी बसत नव्हतं. दोन मुली भेटायला बाहेर आल्या. "ही मोठी, सानपाड्याची. ही धाकटी, खांदेश्वरची," वहिनींनी ओळख करून दिली. दोघींना नमस्कार करताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. धाकटी मात्र माझ्याकडे नीट बघत होती. तिला कहाणी ठाऊक होती, हे उघड होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक असावी.

निघताना वहिनी आतून एक पुडी घेऊन आल्या. वजनकाट्याच्या जुन्या पावतीत बांधलेली, वर दोरा. पावतीवर कुठल्याशा ट्रकचा नंबर होता आणि पेन्सिलीने लिहिलेलं रिकाम्या गाडीचं वजन.

"ह्या बिया तुमच्यासाठी काढून ठेवलेल्या. म्हनालेले, निकमसाहेब आले का त्यांच्याच हातात दे."

पुडी मी दोन्ही हातांनी घेतली. एवढी वर्षं मी ज्याच्यावर जळलो त्याने जाताना माझी आठवण ठेवली होती. मी कसंबसं विचारलं, "आणखी काही म्हणाला, वहिनी? माझ्यासाठी काही निरोप?"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि शैलाकडे वळल्या.

"म्हनालेले, वहिनींच्या समोर सांग त्यांना, का ह्यो दुधी हाय. कुंडीत लावायचा. नायतर हा मानूस ऱ्हाता फ्लॅटपन इकून मोकला व्हईल."